बोरूच्या बेटातला वटवट्या

खंडोजी नाईकाचे डोळे गेले होते. अगदी ठार आंधळा म्हणाल तर तसं नाही. उजेड कळायचा, समोर माणूस आला तर माणसाएवढं धुकं दिसायचं, आणि त्या धुक्याच्या माथ्यावर लाल पागोटं असलं तर ते लाल आहे एवढंही समजायचं. बाकी सगळा पेजेसारखा पांढरा कारभार. दोन वर्षं हे असं चाललं होतं आणि साऱ्या धार शहरात ते एकाच माणसाला ठाऊक होतं, त्याच्या बायकोला, सुभद्रेला.

दुसऱ्या कुणाचे डोळे गेले असते तर चार लोक हळहळले असते, वैद्यानं अंजन दिलं असतं आणि विषय संपला असता. पण खंडोजी पडला दरबारच्या शिकारखान्याचा नाईक. वाघ हेरणाऱ्यालाच अंगणातला पिंपळ दिसत नाही असं कळलं, तर नाईकी गेलीच आणि तिच्यामागं शिकारखान्याच्या आवारातलं घरही गेलं. खरं सांगायचं तर घराची त्याला एवढी धास्ती नव्हती. त्याचा पणजा पवारांच्या फौजेबरोबर घोड्यावरून माळव्यात आलेला, आजा नाईक, बाप नाईक. आणि आपण आता 'आंधळा खंडू' म्हणून देवळाच्या पायरीवर बसायचं, हे त्याला सोसणारं नव्हतं. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

पण मूठ झाकणं सोपं नव्हतं, कारण शिकारखान्याचा एक दंडक होता. खंडोजीच्या बापाच्या वेळी हाक्यात, म्हणजे रान उठवून जनावर बंदुकीपुढं आणताना, एका भिलाच्या मांडीत गोळी शिरली आणि तो गेला. तेव्हा बापानं नियम घातला, की बंदूक राजाची असो वा पाहुण्याची, नाईकानं समोरचं रान नजरेखालून घालून तोंडानं 'मोकळं' म्हटल्याशिवाय घोडा ओढायचा नाही. तेव्हापासून कुणाला चुकून छर्रासुद्धा लागला नव्हता, आणि खंडोजीला त्याचा भारी अभिमान होता. आता बघायला डोळे नाहीत आणि 'मोकळं' तर म्हणायचंय, मग करायचं काय?

तर त्यानं केलं असं. त्याच्या हाताखाली भगवंत नावाचा एक जवान गडी होता. मचाणाखाली उभं राहून खंडोजी मिशीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "हं, भगवंता, सांग बघू, समोर काय काय दिसतंय?" भगवंत छाती काढून सांगायचा, "नाईक, सागाच्या बुंध्याशी दोन हाकेवाले हायेत. नाल्यात कुणी नाही." मग खंडोजी जरा थांबायचा, पंतोजीनं पोराचा पाढा तपासावा तसा, आणि म्हणायचा, "बरोबर. पण पळसाखालचं राहिलं." पळसाखाली कुणी असो नसो, भगवंत ओशाळून पुन्हा सगळं रान धुंडाळायचा, सांगायचा, हाकेवाल्यांना बाजूला घ्यायचा, आणि मग नाईकाचा खणखणीत आवाज उठायचा, "मोकळं!" लोक म्हणायचे, शिकवावं तर खंडोजीनं. लबाडी म्हणाल तर होतीच ती. पण तिच्यापायी कुणाच्या अंगाला ओरखडा आलेला नव्हता, आणि खंडोजी मनाची तेवढीच समजूत घालायचा.

असं सगळं रुळावर चाललेलं असताना चैत्राच्या शेवटाला कारभारी दत्तोपंतांनी त्याला कचेरीत बोलावलं. दत्तोपंत म्हणजे शब्द मोजून बोलणारा, उपरण्याची घडी न मोडणारा माणूस. म्हणाले, "खंडोजी, महूच्या छावणीतून एक साहेब पाहुणे आले आहेत. त्यांना वाघ नको, बिबळ्या नको. त्यांना चिमणीएवढा एक पक्षी हवा आहे."

"चिमणी?"

"चिमणी नव्हे हो. तिरल्याच्या वाटेवरच्या तळ्यात बोरूचं बेट आहे ना, त्यात दिवसभर कटकट करतो तो."

तो कुणाला ठाऊक नव्हता! उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या बेटातून जे सुरू व्हायचं, 'कर्र कर्र, किरीट किरीट, चक्क चक्क', ते थेट दिवेलागणीपर्यंत. दोन जावा एकाच चुलीवर स्वयंपाकाला लागल्या की जे चालतं तेच. लोक त्याला वटवट्या म्हणायचे. पण त्याला पाहिलेला माणूस मात्र गावात एक नव्हता. दाट बोरू, पायथ्याशी पाणकणसाची गर्दी, खाली चिखल. तो आतल्या आत काडीकाडीनं फिरायचा आणि बाहेर म्हणून यायचा नाही. कुणी म्हणे तो पक्षीच नाही, बेडूक आहे. कुणी म्हणे जुना नाग आहे, त्याला तुरा फुटलाय.

"साहेबांना तो नमुना म्हणून पेटीत ठेवायचा आहे," दत्तोपंत म्हणाले. "वाघ उभा करणाऱ्याला हे काय जड?"

कचेरीत चार माणसं बसलेली. खंडोजीनं मागचापुढचा विचार न करता सांगून टाकलं, "पंत, परवा सकाळी साहेबाच्या पुढ्यात नाचवतो त्याला." जिभेला हाड नसतं ते हे असं. घरी येऊन सुभद्रेला सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "बिनडोळ्याचा माणूस आणि पैज कशाची घेतो, तर जे डोळसालाही दिसत नाही त्याची!"

"अगं, हाका घातला की झाडून सगळं बाहेर येतं," तो म्हणाला.

आणि खरोखरच त्यानं हाका घातला. वाघाला घालतात तसा! साठेक माणसं, हलग्या, ताशे, पत्र्याचे डबे. तळ्याच्या एका अंगानं रांग धरून बोरूत शिरायचं आणि दुसऱ्या अंगाला साहेब बंदूक घेऊन खुर्चीवर. शिकारखान्याला जन्मात दुसरी रीत माहीत नव्हती, त्याला ते तरी काय करणार? हलगी कडाडली, माणसं 'हो हो' करत चिखलात उतरली, आणि बेटातून एकेक बाहेर पडू लागलं. बगळे उडाले, बदकं उडाली, एक रानडुक्कर साहेबाच्या खुर्चीला घासून गेलं. शेवटी धोब्याचं हरवलेलं गाढव बाहेर आलं आणि मधोमध उभं राहून ओरडू लागलं. वटवट्या काही आला नाही. माणसं दुसऱ्या टोकाला पोचली, हलग्या थांबल्या, आणि जिथून हाका सुरू झाला होता नेमकं तिथूनच, त्यांच्या पाठीमागून, सुरू झालं, 'कर्र कर्र, किरीट किरीट.'

साहेब हसून हसून खुर्चीतून खाली पडायचा राहिला. माणूस वाईट नव्हता. डोळे पुसत म्हणाला, "खंडोजी, ये शेर नहीं है. इसको हल्ला नहीं मंगता." मग त्यानं आपला बेत सांगितला. तो चार दिवस मांडूला जाणार होता. परत आला की पहाटेच्या गारव्यात फक्त दोघांनी जायचं, तो आणि खंडोजी. बोरूच्या तोंडाशी गुपचूप बसायचं. तिसरा माणूस नको.

"भगवंत तो चलेगा ना, साहेब?" खंडोजीनं विचारलं.

"नो भगवंत. कोई नहीं."

खंडोजीच्या पाचावर धारण बसली. बंदूक तर चालणार, नियमाप्रमाणं 'मोकळं' तर म्हणावं लागणार, आणि शेजारी सांगायला कुणी नाही. तळ्यावर काय माणसं नसतात? मागच्या अंगाला म्हशी डुंबतात, बाया धुणं धुतात, कुणी बोरू कापायला शिरतं. छर्रा बारीक असतो हे खरं, पण वीस हातांवरून तोंडावर बसला तर जन्माची अद्दल.

ते चार दिवस तो रोज संध्याकाळी तळ्यावर जाऊन बसू लागला. लोकांना वाटलं, नाईक टेहळणी करतोय. तो ऐकत होता. पहिल्या दिवशी नुसता गलका कानावर आला. दुसऱ्या दिवशी त्याला कळलं की हे एकटं पाखरू नाही, दोन आहेत. एक बांधाच्या अंगाला बोलतं आणि दुसरं पार पलीकडे, धुण्याच्या दगडाच्या बाजूला. तिसऱ्या दिवशी त्यांचं बोलणं असं अंगवळणी पडलं की वारा आला, कुत्रं आलं, म्हैस पाण्यात उतरली, की कोण कुठं गप्प झालं हे त्याला बसल्याजागी समजू लागलं. आणि मग एक मजा झाली. दत्तोपंत फिरत फिरत तिकडं आले. उपरणं सावरून, डोळे बारीक करून बराच वेळ बोरूत बघत राहिले आणि म्हणाले, "दिसत नाही बुवा!"

खंडोजीला इतका आनंद झाला की काही विचारू नका. चांगले धडधाकट डोळ्यांचे पंत म्हणतायत, दिसत नाही! दोन वर्षांत पहिल्यांदा तो कुणाच्या तरी बरोबरीनं बसला होता. इथं पंतांना जेवढं दिसत होतं तेवढंच त्याला, आणि कानानं तर त्याला जास्त कळत होतं. त्या न दिसणाऱ्या पाखरावर त्याचा जीवच जडला. घरी येऊन तो सुभद्रेला म्हणाला, "लपून राहावं तर असं. नाहीतर आपण."

"आपलं काय?"

"आपलं लपणं म्हणजे रोजची घुसमट. तो बघ, लपतो तो लपतो आणि वर बोंबलतोही."

सुभद्रा हसली नाही. तिला परवाची चिंता. ती पोळ्या लाटता लाटता विचार करत होती, आणि शेवटची पोळी तव्यावर टाकून म्हणाली, "मी धुणं घेऊन येते."

"कुठं?"

"तळ्यावर, पलीकडच्या दगडावर. तिथनं बेटाची मागची बाजू सगळी दिसते. कुणी नसलं की मी तीनदा धुणं आपटीन. थांबून परत तीनदा, आणि मग दगडाआड बसेन. ऐकू आलं की बोला तुमचं 'मोकळं'. नाही आलं, तर तोंड उघडायचं नाही. धुणं काय, रोजचं असतं. साहेबाला काय कळतंय?"

खंडोजीनं तिच्या दिशेनं बघितलं. नुसतं धुकं दिसलं, पण पिठाचा वास आला. "तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं," तो म्हणाला.

"दुसरी केली असतीत," ती म्हणाली. "जेवा आता."

ठरल्या दिवशी उजाडता उजाडता साहेब आला. खंडोजीनं पागोटं चढवलं, चांदीच्या मुठीची नाईकीची काठी हातात घेतली. वाट पायांना पाठ होती. बोरूच्या तोंडाशी एक चटई टाकून दोघं बसले. हवा गार होती आणि पाण्याला शेवाळाचा वास येत होता. थोड्या वेळानं बांधाच्या अंगाचा वटवट्या सुरू झाला, पाठोपाठ पलीकडचाही. खंडोजीनं न बोलता काठी उचलून दाखवलं, इथं. मग जरा डावीकडं, आता इथं. साहेबाचा श्वास जोरात चालू लागला. काठीच्या टोकापुढं बोरूची काडी हलत होती.

खंडोजीचे कान मात्र पलीकडं होते. धुणं काही आपटत नव्हतं.

अजून आली नसेल, त्यानं मनाशी म्हटलं. जरा वेळ गेला. ऊन पाठीला लागलं. धुणं नाही. बाई कुठं अडकली? आणि मग त्याला एकदम आठवलं. शिकार असली की बंदुकीच्या टप्प्यातला सगळा काठ रिकामा करायचा, चिटपाखरू फिरकू द्यायचं नाही, हा त्याचाच हुकूम. दर खेपेला तो स्वतः भगवंताला बजावायचा, "माझी आई जरी आली तरी परत पाठवायची." कालही सवयीनं बजावलं होतं. भगवंत आपली माणसं घेऊन पहाटेपासून बांधावर आणि घाटाच्या वाटेवर उभा असणार, आणि सुभद्रेलाही त्यानं हात जोडून परत लावलं असणार. स्वतःच्या हातानं स्वतःची वाट बंद करायची ती अशी!

मग एक विचार आला, की काठ रिकामा केलाय म्हणजे मोकळंच आहे की. भगवंत कामाला पक्का. आता न बघता म्हटलं तरी काय बिघडतं?

"देखा!" साहेब पुटपुटला. "देखा, खंडोजी! ऊपर आया." वटवट्या काडीच्या शेंड्यापर्यंत चढला होता. कुणी सांगायला नको, खंडोजीला आवाजावरनंच कळलं. तो आता दबलेला नव्हता, उघड्यावरचा होता. बंदूक खांद्याला लागल्याचा, पट्ट्याचा बारीकसा कुरकुर आवाज झाला. "साफ?" साहेबानं विचारलं. त्यालाही नियम सांगितलेला होता आणि तो पाळणारा माणूस होता.

शब्द जिभेच्या टोकावर होता. सबंध आयुष्यात शेकडो वेळा उच्चारलेला. तेवढं म्हटलं की काम झालं. साहेब खूश, पंत खूश, नाईकी शाबूत, घर शाबूत, पागोटं शाबूत.

आणि पलीकडचा वटवट्या गप्प झाला.

नुसता थांबला नाही. बोलता बोलता मधेच तुटला. मग 'चक्क' असा एकच आवाज, आणि संपलं. त्याच्या बाजूचे बेडूकही थांबले. बेटाच्या मागच्या अंगाला, जिकडं बंदुकीचं तोंड होतं तिकडंच, काहीतरी शिरलं होतं. म्हैस असेल. कुत्रं असेल. साप असेल, ससाणा वरून गेला असेल. दहातल्या नऊ वेळा माणूस नसतंच. नीट डोळ्यांच्या माणसानं एकदा मान उंच करून पाहिलं असतं आणि सांगितलं असतं. खंडोजीनंही मान उंच केली. पांढरं धुकं, त्यात हिरवट धुकं.

"साफ है?" साहेबानं पुन्हा विचारलं, जरा घाईनं.

"नहीं," खंडोजी म्हणाला. आणि मग आवाज चढला त्याचा, इतका की शेंड्यावरचा वटवट्या खाली कोसळल्यागत आत गेला. "नहीं साहेब! बंदूक नीचे! मेरे को दिखता नहीं! दो बरस से दिखता नहीं, मैं अंधा है!"

साहेब काही बोलायच्या आत समोर बोरू सळसळला आणि बोरूच्या मधोमध, जिथं मघाशी पाखरू होतं त्याच्या नेमक्या मागं, एक बाई ताठ उभी राहिली. कमरेपर्यंत चिखल, डोक्यावर धुण्याचं बोचकं. "अहो, मी आहे!" ती ओरडली. "मी आहे, गोळी घालू नका!"

तो आवाज ऐकून खंडोजीनं हात लांबवून बंदुकीची नळी खाली दाबली. साहेबानं बंदूक उघडून काडतुसं बाहेर काढली. ती त्याच्या हातातून खाली पडून घरंगळत पाण्यात गेली, तरी त्यानं उचलली नाहीत. बसल्या जागी तो 'माय गॉड, माय गॉड' असं काहीसं म्हणत राहिला.

सुभद्रा चिखल तुडवत बाहेर आली. "भगवंतानं वाटेवरच अडवलं मला," ती धापा टाकत म्हणाली. "म्हणाला, काकी, आज नाही, नाईकांचाच हुकूम. आता त्याला काय सांगू, की मी नवऱ्याचे डोळे घेऊन चाललेय? म्हटलं मागनं बोरूतून वाकून दगडापर्यंत जावं. वाटलं, आवाज नाही आला तर तुम्ही आपलं ठोकून द्याल 'मोकळं'."

"तू तिथं कशाला मरायला गेलीस!" खंडोजी कडाडला. दोन वर्षांत तो तिच्यावर असा ओरडला नव्हता.

"मरायलाच गेले होते! तुमच्याच लबाडीपायी!" तीही तशीच ओरडली, आणि मग बोचकं खाली टाकून धाय मोकलून रडू लागली. खंडोजीनं चाचपडत तिचा पदर शोधला. ओला गच्च होता. त्याला तिच्या तोंडावरून हात फिरवायचा होता, डोळे, गाल, कपाळ, सगळं जागच्या जागी आहे ना ते बघायला. साहेब समोर होता तरी त्यानं तो फिरवला.

आरडाओरडा ऐकून भगवंत धावत आला आणि मागून, बांधावर वाट बघत थांबलेले दत्तोपंत उपरणं सांभाळत. साहेबानं उठून पंतांना इंग्रजीत काय ते सांगितलं. पंत ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी म्हणाले, "खंडोजी, हे खरं?"

"खरं, पंत."

"आणि मागल्या हिवाळ्यातली वाघाची शिकार? साहेब आधीच्या शिकारींचं विचारताहेत. तेव्हा तुम्हीच 'मोकळं' म्हणालात."

"बघितलं भगवंतानं. बोललो मी."

पंतांनी उपरणं मुठीत चुरगळलं. रागावले असावेत, आणि रागवायला त्यांना हक्क होता. माणसांच्या जिवाशी खेळ झाला होता, त्याला दुसरा शब्द नव्हता. "दरबारच्या कानावर घालावं लागेल," ते इतकंच म्हणाले.

"घाला पंत. मीच आलो असतो." खंडोजी उठला आणि चांदीच्या मुठीची काठी त्यानं भगवंताच्या पायांच्या आवाजाच्या रोखानं पुढं धरली. "घे."

भगवंतानं हात मागं घेतले. भला मोठा गडी, पण तोंड पोरासारखं झालं होतं. "म्हणजे नाईक," तो म्हणाला, "तुम्ही मला विचारायचात, सांग बघू काय दिसतंय... ते मला शिकवणं नव्हतं?"

सगळ्यांत जास्त लागलं ते हे. "नव्हतं रे," तो म्हणाला. "पण शिकलास की नाही?"

"शिकलो."

"मग धर. आणि उद्यापासून पळसाखालीही बघत जा. मी उगाच म्हणायचो, तरी बघत जा."

भगवंतानं काठी घेतली, कपाळाला लावली, आणि तोंड फिरवून उभा राहिला. साहेब पाखराचं नावसुद्धा न काढता बांधावर चढला. जाता जाता थांबला, आणि टोपी काढून सुभद्रेपुढं मान लववून निघून गेला. सुभद्रेला त्याचा अर्थ कळला नाही. तिनं घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला.

उन्हं वर आली होती. दोघं घरी निघाली. घर म्हणजे आणखी आठ-पंधरा दिवसांचं. "तिरल्याला माझा भाऊ आहे," सुभद्रा म्हणाली. "दोन म्हशी आहेत. त्याला माणूस हवंच आहे."

"आंधळा?"

"धार काढायला डोळे लागत नाहीत," ती म्हणाली.

वाटेत एका चौथऱ्याच्या कोपऱ्यावर बाजार सुरू होतो. पायाखालची वाट तिथं संपते. हातगाड्या रोज जागा बदलतात, गुरं आडवी बसतात, दुकानांची फळ्या-फडताळं रस्त्यावर. एरवी इथं भगवंत किंवा कुणीतरी बोलत बोलत बरोबर असायचं आणि खंडोजी त्याच्या आवाजामागं रुबाबात चालायचा. आज पुढं कुणी नव्हतं, आणि हातात काठीही नव्हती. तो थांबला. मग त्यानं हात पुढं केला.

सुभद्रा गोंधळली. मराठ्याघरची बाई, भर बाजारात नवऱ्याच्या शेजारीसुद्धा चालायची नाही, दहा पावलं मागं राहायची, आणि हा हात मागतोय. तिनं इकडं तिकडं पाहिलं. मग तिनं तो घट्ट धरला आणि त्याला घेऊन पुढं झाली. कासाराच्या दुकानातली माणसं बोलायची थांबली. भाजीवाली जमुनाबाई हातातलं तागडं तसंच धरून बघत राहिली. पोरं मागं लागली. सुभद्रेची मान खाली गेली ती वर येईना.

"अहो," ती कुजबुजली, "सगळा बाजार बघतोय."

"बघू दे," खंडोजी म्हणाला. "मला कुठं दिसतोय!"